उजवी टाच

कृष्णेतल्या मगरीच्या पाठीवर बसून मी एकदा सांगलीवाडीला गेले होते. भाडं म्हणून मगरीने माझी एक चप्पल ठेवून घेतली. आमच्या गल्लीत हे कुणी मानत नाही. माझ्या लग्नात वऱ्हाडाच्या बसला इंजिनच नव्हतं, नुसत्या वाऱ्यावर आलो, हेही कुणी मानत नाही. मला त्याचं काही वाटत नाही. ऐकणारा हसला की माझं काम झालं.

आता सांगते त्यात हसू येईल की नाही, ते तुमचं तुम्ही बघा. मला आलं नाही. ह्याची सगळी नोंद मिरजेच्या कॉलेजात आहे, तारखेसकट. त्यामुळे मला तिखटमीठ लावता येत नाही. जीभ फार वळवळते, पण नाही.

मनवा ही माझी नात, मुलाची मुलगी. आईबाप पुण्यात, आणि ही माझ्याकडे मिरजेत, कारण आमच्या कॉलेजचा मुलींचा बास्केटबॉलचा संघ नावाजलेला. तिच्याबरोबर वरच्या खोलीत राहायची तितिक्षा, जतची पोरगी. दोन वर्षं दोघी एका ताटात जेवल्या. एकीला ताप आला की दुसरी शिंकायची. मोजेसुद्धा असे मिसळलेले, की कुठला कुणाचा हे मी धुणारीसुद्धा सांगू शकत नव्हते.

त्या उन्हाळ्यात कॉलेजने हॉलची फरशी उकरली आणि नवीन घातली. वरून दिसायला साधी लाकडी. खाली मात्र केसाएवढे बारीक धागे, दाबले की वीज देणारे. पाय पडला, की कुठे किती वजन आलं ते पडद्यावर उमटायचं, आणि भिंतीवरचा कॅमेरा पायांचं चित्र काढायचा. त्या यंत्राचं नाव जागल्या. पूर्वी गावाला रात्री राखण करणारा जागल्या असायचा ना, त्याच्यावरून.

गणपतीच्या आधी पालकांना बोलावलं, तेव्हा मोरे मॅडमनी मलाच फरशीवर उभं केलं. मोरे मॅडम म्हणजे संघाच्या कोच. बाई चाळिशीची, पण शिट्टी अशी वाजवते की कावळे उडतात.

"आजी, डावा पाय उचला," त्या म्हणाल्या.

मी उचलला. त्यांनी पडद्यावर दाखवलं. पाय उचलायच्या आधीच माझं वजन थोडं डावीकडे जाऊन मग उजवीकडे सरकलं होतं.

"बघा, पाय वर जायच्या अर्धा सेकंद आधी तुमच्या अंगाने सगळं ठरवून टाकलं होतं. सगळ्यांचं असंच असतं. माणूस हलायच्या आधी त्याचं वजन हलतं, आणि ते त्याला स्वतःला कळत नाही."

मला ते लगेच पटलं. आमच्या सासूबाई पाटावरून उठायच्या आधी पाय मागे ओढायच्या. तेवढं दिसलं की मी चहाचं आधण ठेवायची. त्या म्हणायच्या, हिला कसं कळतं. जागल्याचं तेच, फक्त तो एका सेकंदात हजार वेळा बघतो.

आता हे खेळात कशाला, तर ऐका. बचावात प्रत्येकीने समोरची एक पोरगी धरायची. पण समोरची चपळ असली की ओलांडून जातेच. अशा वेळी शेजारणीने आपली सोडून मदतीला धावायचं, आणि दोघींनी मिळून वाट अडवायची. शेजारणीची जी मोकळी सुटली, तिला तिसरीने धरायचं. म्हणजे मदतीला जाणारी आपली पाठ उघडी टाकून जाते. मैत्रीण जागा सोडणार नाही, मागची येईल, असं वाटत असेल तरच पाय निघतो. जागल्या नेमकं तेवढंच मोजायचा. एक पोरगी ओलांडली गेली, त्यानंतर शेजारणीचं वजन किती वेळात तिच्याकडे झुकलं. यंत्र बनवणाऱ्यांनी पडद्यावर त्या रकान्याला शब्द दिला होता, भरवसा.

दुसरा कुठलाही शब्द दिला असता तर पुढचं कदाचित झालं नसतं.

गणपती उठले आणि सीझन सुरू झाला. पहिल्या चारही मॅच आमच्याच हॉलमध्ये होत्या. पहिली जेमतेम जिंकलो. दुसरी नऊ पॉइंटनी गेली. तिसरी कोल्हापूरशी, ती बावीस पॉइंटनी. चौथी येत्या शनिवारी कराडशी, आणि ती हरलो तर गाशा गुंडाळायचा.

सोमवारी मॅडमनी पोरींना पडद्यासमोर बसवलं. मी शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा घेऊन गेले होते, मलाही कुणी हाकललं नाही. पडद्यावर पाच ठिपके होते, पाच पोरींचे, आणि एकीपासून दुसरीपर्यंत रेघा. जिथे भरवसा जास्त तिथे रेघ जाड. सगळ्या रेघा नाड्यासारख्या जाड होत्या, एक सोडून. ती एवढी बारीक की मी चष्मा पुसला.

"बावीसनी हरलो," मॅडम म्हणाल्या. "कोल्हापूरने आपल्यावर टाकलेल्या पॉइंटपैकी अठरा एकाच जागेवरून आलेत. तितिक्षाच्या उजव्या खांद्यावरून."

तितिक्षाने मान खाली घातली. "सॉरी मॅडम. मी जास्त सराव करते."

"थांब. तू चुकत नाहीस. ओलांडून तर प्रत्येकीला जातात. मागे कोण आलं, हा प्रश्न आहे." त्यांनी बारीक रेघेवर बोट ठेवलं. "मनवा, बाकी तिघींसाठी तुझं वजन शून्य पूर्णांक बारा सेकंदात निघतं. संघात सगळ्यात चांगला आकडा आहे हा. तितिक्षासाठी एकतीस लागतात. आणि निघायच्या आधी ते मागे जातं, उजव्या टाचेवर. दर वेळी."

"मशीन चुकतंय," मनवा म्हणाली.

"सराव धरून चारशे अकरा वेळा?"

तितिक्षा पडद्याकडे बघत म्हणाली, "फक्त माझ्यासाठी?"

मॅडम पडदा बंद करायला वळल्या. पण रकान्यावर शब्द लिहिलेलाच होता, सगळ्यांना वाचता येत होता. माझ्या हातातल्या डब्याचं झाकण खाली पडलं आणि गोल फिरत बसलं. कुणी उचललं नाही.

"गुरुवारच्या सरावात परत मोजू," शेवटी मॅडम म्हणाल्या. "आकडा वीसच्या खाली आला तर ठीक. नाहीतर शनिवारी तुम्ही दोघी एकत्र खेळणार नाही. मनवाची उंची जास्त आहे, म्हणजे बसावं तितिक्षालाच लागेल. मला आवडत नाहीये हे."

त्याच संध्याकाळी तितिक्षाने बॅग भरली. मी दारात उभी. पलंगावर मोज्यांचा ढीग ओतून ती एकेक उलटसुलट करून बघत होती.

"आजी, ह्यातले माझे कुठले तेवढं सांगा."

"मला नाही गं कळत."

"मग राहू दे सगळे."

मनवा खिडकीशी उभी होती. "तितू, मी मुद्दाम नाही केलं."

"माहितेय मला," तितिक्षा म्हणाली. "मुद्दाम केलं असतंस तर भांडले असते."

आणि पोरगी होस्टेलवर गेली. दारात बिनड्रायव्हरची रिक्षा उभी होती. ती आपली मंजुळ आवाजात म्हणते, आपला प्रवास सुखाचा होवो. एरवी मी त्या रिक्षेशी भांडण काढते. त्या दिवशी मी फक्त बॅग आत ठेवली.

मंगळवारी मनवा जेवली नाही. बुधवारी दुपारी मी तिच्यासमोर थालीपीठ घेऊन बसले, तर ती फोनवर तेच बघत होती. जागल्याने काढलेलं चित्र, फार हळू केलेलं. नुसते पाय.

"बघ ना आजी," ती म्हणाली. "इथे तितू मागे पडली. मी निघाले. मला आठवतंय, मी निघाले होते. आणि हे बघ."

मी बघितलं. उजवी टाच जमिनीत रुतल्यासारखी दाबली गेली. गुडघा किंचित मागे आला. मग क्षणभराने पाऊल निघालं.

"मी कुठून शिकले हे? मॅडमनी असं कधी शिकवलं नाही. आणि तितूच का? मला तितूपेक्षा जवळचं कोण आहे?"

ती टाच माझ्या ओळखीची होती. ती मी घडवली होती, आमच्या गच्चीवर, एका खराट्याने.

आता तुम्हाला माझी सगळ्यात गाजलेली गोष्ट सांगावी लागेल. मीही कॉलेजात खेळायची, एकोणनव्वद साली. माझी जिवलग मैत्रीण कुंदा, तीही संघात. गोष्ट अशी, की सोलापूरशी फायनल होती. त्यांच्यात एक पोरगी सहा फूट आठ इंच, दारातून वाकून आत यायची. ती बॉल घेऊन रेड्यासारखी आली. मी आणि कुंदाने मिळून वाट अडवायची होती. पण ऐनवेळी कुंदा सरली बाजूला. सगळी पोरगी माझ्या अंगावर. गुडघ्याची वाटी उडाली ती थेट स्कोअर लिहिणाऱ्याच्या चहाच्या कपात. मी ती धुतली, परत बसवली, आणि पुढचे दोन पॉइंट मीच टाकले.

मनवाला ही गोष्ट फार आवडायची. पाच वर्षांची असल्यापासून दर सुट्टीत आम्ही ती गच्चीवर खेळायचो. मी सोलापूरची पोरगी. मनवा म्हणजे मी. आणि शेजारी उभा केलेला खराटा म्हणजे कुंदा. मी फोंऽ करत अंगावर जायची, मनवा खराट्याशेजारी येऊन उभी राहायची, आणि मी शेवटच्या क्षणाला खराटा काढून घ्यायची. पोरगी गादीवर धपकन पडायची. मग दोघी ओरडायचो, कुंदा सरली. आणि पोट धरून हसायचो. हजार वेळा तरी खेळलो असू. पुढे पुढे खराटा निघायच्या आधीच ती टाच रोवायला लागली. मी शाबासकी द्यायची. म्हणायची, शहाणी झाली माझी बाय.

तिच्या डोक्यातून ते केव्हाच गेलं होतं. टाचेतून गेलं नव्हतं. शेजारी कुणी परकी असली तर टाच गप्प राहायची. जिवलग मैत्रीण असली, की टाचेला खराटा आठवायचा.

एवढ्यावर भागलं असतं तर मी मनवाला तिथेच सगळं सांगून टाकलं असतं. पण गोष्ट उलटी होती. चपला घालून मी तडक कुंदाकडे निघाले.

कुंदा तीन गल्ल्या पलीकडे राहते. शाळेत गणित शिकवायची, आता रिटायर. ती उकडलेल्या ओल्या शेंगा परातीत सोलत बसली होती. उजवा पाय नेहमीसारखा लांब पसरलेला, कारण तो दुमडत नाही. तो मोटरसायकलवरून पडून गेला, असं आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. मीच सांगितलंय.

"कुंदे, मला काही बोलायचंय."

"बस आधी. शेंगा खा."

"सोलापूरच्या मॅचचं."

तिचे हात थांबले नाहीत. "बोल की."

अख्ख्या मिरजेत मला शब्द कमी पडलेले कुणी बघितले नसतील. मी एक शेंग घेऊन सोलायला लागले. शेवटी तीच म्हणाली, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तशी.

"तू सरलीस, अलके."

मी टरफलं गोळा करायला लागले.

"ती पोरगी तुला ओलांडून आली, मी माझी सोडून तुझ्या मदतीला आले. दोघींनी अडवायचं होतं. तू सरलीस. मला काय दिसलं नाही होय? माझ्या उजव्या बाजूला आख्खं सोलापूर येऊन पडलं."

"बावन्न वर्षं झाली, कुंदे. कधी बोलली का नाहीस?"

"पहिलं वर्षभर वाट बघितली, तू बोलशील म्हणून. मग तू गोष्ट सांगायला लागलीस, आणि त्यात मीच सरत होते. तेव्हा आला राग. तुझ्या घरी येऊन पोहे खात होते, आणि तू माझ्या तोंडासमोर पाहुण्यांना सांगत होतीस." तिने एक दाणा तोंडात टाकला. "मग एक दिवस लक्ष दिलं. मगरीची गोष्ट सांगताना तुझा हात थरथरत नाही. ही सांगताना थरथरतो. म्हटलं, सांगू दे."

"पोरं तुला विचारायची ना? तुम्ही खरंच सरलात का म्हणून."

"विचारायची की. मी हो म्हणायची."

मला वाटायचं, खोटं सांभाळणारी मी एकटीच आहे. ही बाई बावन्न वर्षं शेजारी बसून माझं खोटं सांभाळत होती.

"माफ केलंस का मला?" मी विचारलं.

"केव्हाच. चल, आता तुझ्या नातीचं काय ते बघू."

गुरुवारी सरावाच्या वेळी आम्ही दोघी हॉलमध्ये गेलो. तितिक्षा एका टोकाला, मनवा दुसऱ्या. मी मॅडमची परवानगी घेतली आणि मधोमध उभी राहून सगळं सांगितलं. खराटा सांगितला, गादी सांगितली, आणि सोलापूरच्या मॅचमध्ये कुंदा नाही, मी सरले होते, हेही सांगितलं.

सांगून झालं. मग संघातली सगळ्यात उंच पोरगी म्हणाली, "आजी, ह्यात मगर कुठे आली?"

सगळ्या खो खो हसल्या. मनवा नाही हसली. तिचे डोळे भरले होते.

"आजी, आत्ता थापा नको. हात जोडते तुला. मला वाचवायला काहीतरी रचून सांगू नकोस."

हे मला लागलं. आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत खरं बोलले, आणि माझ्या नातीला ती थाप वाटली. तिची तरी काय चूक? तिला ओळखीची होती ती थाप मारणारी आजीच.

कुंदा लंगडत पुढे आली. तिने सलवार गुडघ्यापर्यंत वर केली. आडवा, जुना, दोरीसारखा व्रण.

"मोटरसायकलचं ना ते, कुंदाआजी?" मनवा म्हणाली.

"मला मोटरसायकल येत नाही गं बाळ. मी कधी बसलेसुद्धा नाही."

मनवाने माझ्याकडे बघितलं. मग कुंदाच्या गुडघ्याकडे. तिचा अजून विश्वास बसत नव्हता आणि बसतही होता.

मोरे मॅडम हळूच म्हणाल्या, "फरशी आहे की. दोघी उभ्या राहा. आजी, तुम्ही ह्या मावशींच्या डाव्या हाताला. ही उंच पोरगी बॉल घेऊन येईल, चालतच येईल. तुम्ही दोघींनी फक्त जागा सोडायची नाही."

मी पदर खोचला. मनाशी ठरवलं, आज जीव गेला तरी हलणार नाही. पोरगी आली, रमतगमत, बाजारात निघाल्यासारखी. मी तसूभर हलले नाही. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा हलले नाही. मला माझंच कौतुक वाटलं.

मग मॅडमनी पडदा लावला.

माझी उजवी टाच लालभडक. पोरगी चार पावलांवर असतानाच सगळं वजन टाचेवर, तिच्यावर जोर देऊन कुंदापासून लांब पळायच्या तयारीत. तिन्ही वेळा. मी हलले नव्हते, पण माझं अंग केव्हाच पळून गेलं होतं. एकोणनव्वद सालचा पाय अजून पळतच होता.

मनवा पडद्याजवळ गेली. तिने स्वतःचं चित्र शेजारी लावलं. तीच टाच, तोच गुडघा. ती मटकन खाली बसली.

"ही माझी टाच आहे," ती म्हणाली.

पलीकडून तितिक्षा उठून आली. "म्हणजे ही मला नाही घाबरत?"

"तुला नाही गं," मी म्हणाले. "मला. मी खराटा काढून घेईन म्हणून."

तितिक्षाने तोंड फिरवलं. खांदे हलत होते. हसते का रडते, मला दिसलं नाही.

मला वाटलं, संपलं. पण मॅडम पडद्यावरून नजर काढत नव्हत्या. "मावशी," त्या कुंदाला म्हणाल्या, "तुमचा दुखरा गुडघा उजवा ना? मग वजन त्याच्यावर का घेताय?"

कुंदाची दोन पावलं पडद्यावर होती. डावं, माझ्या बाजूचं, जवळजवळ कोरं. सगळा भार उजव्या, मोडक्या पायावर. पोरगी जवळ येईल तसा तिकडेच वाढत गेलेला. शेजारी मी उभी होते. माझ्याकडे ती गुंजभरही झुकली नव्हती. परत एकटीनेच पडायची तयारी तिच्या अंगाने करून ठेवली होती, तीही दुखऱ्या पायावर.

कुंदा पडद्याकडे बघत राहिली. गणिताची बाई, तिला आकडे समजावून सांगावे लागत नाहीत. तिचा चेहरा असा झाला होता, की एवढ्या वर्षांत मी तिला तशी पाहिली नव्हती.

"अलके, मी माफ केलं होतं गं," ती म्हणाली.

"हो."

"खरंच केलं होतं."

"हो कुंदे."

"मग हे काय?"

मी तिची वर केलेली सलवार खाली ओढून नीट केली.

त्या दिवशी मनवाचा आकडा निघाला शून्य पूर्णांक अठ्ठावीस. खरं कळलं म्हणून टाच एका दिवसात शहाणी होत नाही. मॅडमनी वीस म्हणून सांगितलं होतं. त्या काही बोलायच्या आत मनवाच पुढे झाली.

"मला बसवा. तितिक्षाला खेळवा."

"तुझी उंची..."

"मॅडम, अठरा पॉइंट तिच्यामुळे गेले नाहीत. माझ्यामुळे गेले. मग ती का बसेल?"

तितिक्षाने तिच्याकडे बघितलं. सोमवारपासून पहिल्यांदाच.

शनिवारी मनवा बाकावर होती आणि मी तिच्यामागे, लाडवांच्या डब्यासकट. कराडच्या पोरी तुफान. तितिक्षा जिवाच्या आकांताने खेळत होती, पण शेवटच्या पाच मिनिटांत आमच्या उंच पोरीचे पाच फाउल भरले आणि तिला बाहेर यावं लागलं. मॅडमनी बाकाकडे बघितलं. उंचीची दुसरी कुणी नव्हतीच. मनवा उठली. मी तिची वेणी नीट करायला गेले तर म्हणाली, "राहू दे आजी, जाऊ दे मला."

चाळीस सेकंद राहिले, तेव्हा आम्ही दोनने पुढे. कराडची पोरगी तितिक्षाला ओलांडून उजव्या खांद्यावरून सुटली. तीच जागा. मी मनवाच्या पायाकडे बघत होते, बॉलकडे बघितलंच नाही. टाच दाबली गेली. मला इतक्या लांबून दिसली. आणि मग ती सुटली.

मनवा गेली. तितिक्षाही मागून येऊन तिच्या शेजारी उभी राहिली, खांद्याला खांदा लावून. कराडची पोरगी दोघींवर आदळली आणि तिघी एकाच ढिगात पडल्या. कुणी सरलं नव्हतं. पंचांनी फाउल कराडच्या पोरीवर दिला. दोनच पॉइंटनी का होईना, जिंकलो.

मॅडमनी आकडा नंतर सांगितला. चोवीस. अजून वीसच्या वरच.

"मग पुढच्या मॅचला?" मनवाने विचारलं.

"दोघी खेळाल. यंत्राला सांगते मी, थोडं थांब म्हणून."

तितिक्षाची बॅग अजून होस्टेलवरच आहे. घाई करू नकोस, मी मनवाला म्हणते. पण तितिक्षा दर रविवारी जेवायला येते आणि जाताना धुवायचे मोजे टाकून जाते. ते आमच्याच दोरीवर वाळतात. खराटा मी गच्चीवरून काढून शेजारणीला देऊन टाकला.

आणि आम्ही दोघी म्हाताऱ्या. मंगळवार-शुक्रवार सकाळी सातला, पोरी यायच्या आधी, मॅडम आम्हाला हॉल उघडून देतात. मी कुंदाच्या डाव्या हाताला उभी राहते. समोरून कुणीतरी बॉल घेऊन चालत येतं, कधी मॅडम, कधी झाडणाऱ्या मावशी. आम्ही जागा धरून राहतो. मग पडद्याकडे बघतो. पहिले तीन आठवडे काहीही नाही. माझी टाच लाल, तिचा डावा पाय कोरा. कुंदा म्हणायची, चहा तरी पाज आता. आम्ही चहा प्यायचो, आणि परत शुक्रवारी यायचो.

काल माझी टाच थोडी फिकट दिसली. आणि कुंदाच्या डाव्या पायावर, माझ्या बाजूला, दोन किलो वजन आलं.

दोन किलो. ह्यात मी एक ग्रॅमही वाढवलेला नाही.